नाव एकाचे, कारभार दुसऱ्याचा

राज्य कोणाचे, हा प्रश्न तलवारीने सुटतो असे आपण समजतो. परंतु तलवार म्यान झाल्यावर, ज्याच्या हातून सत्ता गेली त्याला काय म्हणावयाचे, हा प्रश्न मागे राहतो. मराठ्यांच्या इतिहासात हा प्रश्न दोनदा मोठ्या निकराने उभा राहिला, आणि दोन्ही वेळा आपल्याच सोलापूर जिल्ह्यात.

पहिला प्रसंग सांगोल्याचा. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज निवर्तले व रामराजे गादीवर आले. १७५० साली सांगोल्याच्या मुक्कामी राज्याचा सर्व कारभार पेशव्यांकडे देण्यास त्यांनी मान्यता दिली. पुढे ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर अटकेत ठेवले. तथापि त्यांना पदच्युत असे कोणी म्हटले नाही. ते छत्रपतीच राहिले! एवढेच नव्हे, तर नव्या पेशव्याला अधिकाराची वस्त्रे लागत ती साताऱ्याचीच. १७६१ साली सोळा वर्षांचे माधवराव त्यासाठी साताऱ्यास गेले. ज्याच्यापाशी सत्ता होती त्याने, ज्याच्यापाशी ती नव्हती त्याच्याकडून वस्त्रे घ्यावयाची, असा हा प्रकार होता. वैरागच्या शेतकऱ्याला यात नवल वाटू नये. उताऱ्यावर नाव एकाचे आणि नांगर दुसऱ्याचा, हे त्याने पुष्कळ पाहिलेले आहे.

'पेशवा' हा शब्द फारसी. अर्थ, पुढे असणारा. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, हुद्द्यांना संस्कृत नावे दिली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सरनौबताचा सेनापती. पण लोकांच्या तोंडी पेशवा राहिला तो राहिलाच. आणि गंमत अशी की, पुढे असणारा हा पुरुषही मागे पडला. १७७४ साली पेशवाईची वस्त्रे मिळाली ती चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना. कारभार बारभाईंचा, आणि अखेरीस नाना फडणिसांचा. म्हणजे हुद्द्याने पाहिले तर हिशेबाच्या दप्तरावरील माणसाचा.

दुसरा प्रसंग आष्टीचा. वैरागहून मोहोळकडचा रस्ता धरला की आपण त्याच मुलखात उतरतो. २० फेब्रुवारी १८१८ रोजी बापू गोखले तेथे पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. पळत्या फौजेबरोबर बाजीरावाने छत्रपतींना का फिरवावे? कारण कारभार त्याचा असला तरी नाव त्यांचे होते. इंग्रजांनी हे बरोबर ओळखले व प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसविले. बाजीराव त्याच वर्षी जूनमध्ये शरण गेला. सालीना आठ लाख रुपये तनखा ठरला आणि ब्रह्मावर्ताची वाट धरणे आले.

इंग्रजांच्या या राजकारणाला शब्द मात्र आपल्याच व्यवहारातले लागले, हे मला विशेष वाटते. तैनात म्हणजे चाकरी. म्हणून १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्याच्या गळ्यात पडली ती 'तैनाती' फौज. चाकर मात्र कोण झाला, ते सोळा वर्षांत दिसले. तनखा म्हणजे वेतन. तो शिपायालाही आणि माजी पेशव्यालाही. खालसा म्हणजे मुळात निर्भेळ, ज्या जमिनीचा वसूल थेट सरकारात जातो ती. प्रतापसिंहांना १८३९ साली पदच्युत करून काशीस पाठविले. त्यांच्या मागून आलेले शहाजी राजे १८४८ मध्ये वारले. आणि वारसा नाकारून सातारा 'खालसा' केला गेला. राज्य बुडाले, आणि दप्तरात शब्द पडला तो जमीनमहसुलाचा.

यांतला तनखा हा शब्द सर्वांत दीर्घायुषी ठरला. स्वातंत्र्यानंतर विलीन झालेल्या संस्थानिकांना तो मिळत होता. १९७१ साली घटनादुरुस्तीने तोही बंद झाला.