नाकारलेलं तापमान

बुधवार, २८ मार्च १९७९. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र, दुसरी अणुभट्टी.

पहाटे ४:०० : पाणी पुरवणारे पंप बंद पडतात. भट्टीतला वाढलेला दाब सोडायला रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तसाच अडकतो. पॅनेलवरचा दिवा मात्र विझतो. ‘बंद हो’ हा आदेश गेला, एवढंच तो दिवा सांगतो. व्हॉल्व्ह खरंच बंद झाला का, हे सांगत नाही.

४:०५ च्या सुमारास : प्रेशरायझरमधली (भट्टीतला दाब राखणाऱ्या टाकीतली) पाण्याची पातळी चढलेली दिसते. पाणी जास्त झालं असं समजून ऑपरेटर आणीबाणीचं पाणी कमी करतात.

४:२५ च्या सुमारास : व्हॉल्व्हपुढच्या पाइपाचं तापमान येतं, २८५ अंश फॅरनहाइट. २०० अंश दिसले तर व्हॉल्व्ह उघडा असल्याची खूण, असं लेखी कार्यपद्धतीत आहे. पण हा व्हॉल्व्ह आधीपासून गळका, पाइप नेहमीच गरम. रीडिंगकडे दुर्लक्ष होतं.

५:१३ ते ५:४१ : पाण्यात वाफ मिसळून मुख्य पंप थरथरू लागतात. चारही बंद केले जातात. भट्टीच्या गाभ्यातून, म्हणजे इंधनाच्या भागातून, पाणी फिरेनासं होतं.

६:२२ : त्याच वाटेवरचा ब्लॉक व्हॉल्व्ह बंद करून गळती थांबवतात. तोवर गाभा उघडा पडला आहे.

७:२४ : सर्वसाधारण आणीबाणी जाहीर.

त्याच सकाळी : गाभ्यातल्या थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या सेन्सरचे) आकडे संगणक ७०० अंशांपर्यंतच छापतो, पुढे प्रश्नचिन्हं. तंत्रज्ञ थेट तारांना मीटर लावतात. काही रीडिंग २०० च्या घरात, काही २,३०० च्या आसपास. एवढी तफावत पाहून सगळीच अविश्वसनीय ठरतात.

दुपारी १:५० : हायड्रोजन पेटून इमारतीतला दाब उसळतो. हाही उपकरणाचा दोष असावा, असं काहींना वाटतं.

संध्याकाळी ७:५० : मुख्य पंप पुन्हा सुरू होतो, भट्टी निवू लागते. पुढे काही वर्षांनी आत पाहिल्यावर कळलं, की जवळपास निम्मा गाभा वितळला होता.

त्या दिवशी सेन्सर बोलत होते. त्यांना खोटं ठरवण्याआधी ते खरंच खोटे आहेत का, हे कोणी सिद्ध केलं नाही. गॅस इंजिनाच्या एक्झॉस्टवरही थर्मोकपलच असतं. एकाच सिलिंडरचं तापमान चढलं, की ‘सेन्सर गेला’ म्हणून अलार्म बायपास करू नका. इंजिन थांबवून शेजारच्या सिलिंडरशी थर्मोकपलची अदलाबदल करा. चढा आकडा थर्मोकपलबरोबर गेला तर दोष त्याचा. त्याच सिलिंडरवर राहिला तर दोष थर्मोकपलचा नाही, इंजिनात किंवा वायरिंगमध्ये. पुरावा हाती येईपर्यंत आकडा खराच मानायचा.