दाबसंतुलन, खिडक्या धुण्याच्या पोलमधील

एकाच टाकीवर किंवा पंपावर चालणाऱ्या दोन वा अधिक वॉटर-फेड पोलांच्या ब्रशांपर्यंत कामापुरते आणि सारखे पाणी पोहोचावे, यासाठी पंप, नळ्या आणि व्हॉल्व्ह यांची केलेली जुळवणी. काच धुतली जाते ती मिनिटाला किती पाणी तिच्यावरून वाहते त्यावर. त्यामुळे जुळवायचा असतो तो प्रवाह, आणि दाब हे त्याचे साधन. हा फरक लक्षात न घेता पंपाचा दाब वाढवत राहणे ही या धंद्यातली सर्वांत महागडी सवय आहे.

वॉटर-फेड पोल म्हणजे कार्बन फायबर किंवा ग्लास फायबरच्या, एकात एक सरकणाऱ्या नळकांड्यांचा लांब दांडा. त्याच्या टोकाला ब्रश असतो आणि ब्रशात पाण्याचे दोन किंवा चार बारीक जेट. पाणी रिव्हर्स ऑस्मोसिस व आयन-विनिमय रेझिनमधून गाळून क्षारमुक्त केलेले असते, म्हणून ते काचेवर आपोआप वाळले तरी डाग राहत नाही आणि पुसावे लागत नाही. ही पद्धत सर्वाधिक रुजली ती ब्रिटनमध्ये. उंचीवरचे काम शक्य तिथे टाळावे, असे बंधन तेथील ‘वर्क ॲट हाइट रेग्युलेशन्स २००५’ या नियमांनी घातले. पोल वापरणाऱ्याला जमिनीवर उभे राहूनच वरचे मजले धुता येत असल्याने अनेकांनी शिडी सोडून पोल धरला. तिथली नेहमीची मांडणी अशी : व्हॅनमध्ये काहीशे लिटरची टाकी, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा डायफ्रॅम पंप, पंपाची गती कमीजास्त करणारा कंट्रोलर आणि रिळावर शंभर मीटर बारीक नळी. व्हॅनमधून माणूस एकच उतरतो तोवर सारे सुरळीत चालते. त्याच पंपाला वाय-जोड लावून दुसरी नळी काढली, की असमतोल सुरू होतो.

असमतोलाची मुख्य कारणे दोन, उंची आणि घर्षण. उंचीचा हिशेब सोपा आहे. पाणी १० मीटर वर चढवायला जवळजवळ १ बार, म्हणजे सुमारे १४ पीएसआय दाब खर्ची पडतो. नळी जाड असो की बारीक, त्यात सूट मिळत नाही. घर्षणाचा हिशेब मात्र फसवा आहे, कारण तो नळीच्या आतल्या व्यासावर विलक्षण तीव्रतेने अवलंबून असतो. आतून ६ मिमी व्यासाच्या १०० मीटर नळीतून मिनिटाला १.५ लिटर पाणी नेण्यास गणिताने सुमारे २.४ बार लागतात. तेवढ्याच लांबीच्या ८ मिमी नळीत ०.६ बारमध्ये काम भागते. व्यासातला फरक २ मिमी, दाबातला चौपट. रिळावर गुंडाळून राहिलेली नळीदेखील या हिशेबातून सुटत नाही. पाण्याला पूर्ण शंभर मीटरमधूनच जावे लागते. पोलच्या आतली नळी तर आणखी बारीक, बहुधा ५ मिमीची असते, आणि तिच्या प्रत्येक १० मीटरला अर्ध्या बारहून थोडा अधिक दाब जातो. त्या मानाने २ मिमीचे दोन जेट फारसे काही अडवत नाहीत. पाणी कमी आले की पहिला संशय जेटवर घेतला जातो. त्यात कचरा अडकलेला नसेल, तर दोष बहुतेक वेळा नळीत सापडतो.

दोघांपैकी एक जण ३ मीटरवर आणि दुसरा १२ मीटरवर काम करत आहे, नळ्या दोघांच्या सारख्याच आहेत आणि वाय-जोडापाशी १.५ बार दाब आहे असे समजू. उंचीचा वाटा वजा केला की पहिल्याच्या नळीला घर्षणावर मात करण्यासाठी १.२ बार उरतो, तर दुसऱ्याच्या नळीला केवळ ०.३ बार. ज्याला वर न्यायचे आहे त्याचेच पाणी तुटते. हाच दाब ४ बार केला, तर शिल्लक अनुक्रमे ३.७ आणि २.८ बार राहते आणि वरच्या ब्रशाला खालच्याच्या सुमारे ८५ टक्के प्रवाह मिळतो. म्हणजे मागचा दाब उंचीच्या फरकापेक्षा बराच मोठा असला की उंचीचे महत्त्व घटते. पण नुसता दाब वाढवला तर दोन्ही ब्रशांतून नको इतके पाणी वाहील. म्हणून मागे दाब चढा ठेवायचा आणि प्रत्येक फाट्यावर नीडल व्हॉल्व्हने प्रवाह आवळायचा, ही या विद्येतली खरी किल्ली आहे. प्रत्येक फाट्यावरचा मुद्दाम वाढवलेला रोध मोठा झाला, की उंचीतले आणि नळीच्या लांबीतले फरक त्यापुढे किरकोळ ठरतात.

महाराष्ट्रातील ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्याला हा प्रश्न परका वाटणार नाही. चढउताराच्या रानात पहिल्या आणि शेवटच्या झाडाला सारखे पाणी मिळावे म्हणून तो दाब-नियंत्रित ड्रिपर बसवतो. त्यातला लवचीक पडदा दाब वाढला की पाण्याची वाट अरुंद करतो. याच तत्त्वावरचे स्थिर-प्रवाह रेग्युलेटर पोलच्या नळीलाही लावता येतात; मात्र त्यांना काम करण्यासाठी काही किमान दाब लागतो आणि ज्या ओळीत पाणी आधीच अपुरे आहे तिथे त्यांचा उपयोग होत नाही.

उंचीमुळे येणाऱ्या असमतोलाहून त्रासदायक अवस्था येते ती एकाने पाणी बंद केल्यावर. खिडकी बदलताना, नळी ओढताना किंवा घरमालकाशी बोलताना कामगार आपला व्हॉल्व्ह बंद करतो. पंप मात्र त्याच गतीने फिरत असतो आणि दोघांचे पाणी एकट्याच्या नळीत घुसते. प्रवाह दुप्पट करायला घर्षणाचा दाब सुमारे ३.४ पट लागतो. मिनिटाला दीड-दीड लिटर वाहत असेल, तर ६ मिमीच्या एका नळीतून तीन लिटर नेण्यास आठ बारच्या आसपास दाब हवा. या पंपांचा प्रेशर स्विच बहुधा १०० पीएसआयला, म्हणजे ६.९ बारला पंप बंद करतो. मग पंप चालू-बंद होत धडधडतो, ब्रशात पाणी हिसके देत येते, कंट्रोलर ‘नळी बंद’ असा चुकीचा इशारा देतो. नळी ८ मिमीची असेल तर पंप बंद पडत नाही, पण चालू असलेल्या ब्रशाचा प्रवाह एकदम दुपटीकडे जातो. अक्युम्युलेटर, म्हणजे आत हवेची पिशवी असलेली छोटी टाकी, हे हिसके शोषून घेते, पण असमतोल दूर करत नाही. त्यासाठी वाय-जोडाच्या आधी बायपास व्हॉल्व्ह बसवावा. ठरलेल्या दाबापलीकडचे पाणी तो टाकीत परत सोडतो, त्यामुळे एकाच्या बंद-चालू करण्याचा धक्का दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

जुळवणी तपासायला महागडे यंत्र लागत नाही. दोन्ही नळ्या कामाला लागतात त्याच लांबीच्या जोडाव्यात, दोन्ही ब्रश सारख्या उंचीवर धरावेत, दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडावेत आणि मिनिटभराचे पाणी दोन बादल्यांत घेऊन मोजावे. एक-एक करून घेतलेले माप इथे निरुपयोगी, कारण एकट्याला मिळणारे पाणी दोघे चालू असताना मिळत नाही. बादल्या जुळल्या की पोल कामाच्या उंचीवर न्यावेत आणि पोलच्या बुडाशी लावलेल्या फ्लो मीटरवर उरलेला फरक पाहून कमी उंचीवरच्या पोलचा व्हॉल्व्ह आवळावा. जास्त मिळणाऱ्याचे कमी करायचे, कमी मिळणाऱ्याचे उघडत जायचे नाही, हा क्रम पाळला नाही तर दोघांचेही व्हॉल्व्ह पूर्ण उघडे राहतात आणि आपण सुरुवातीच्याच जागी येतो. पुढच्या इमारतीपाशी उंची बदलली की हे सारे पुन्हा करावे लागते.

असमतोलाची किंमत दोन बाजूंनी मोजली जाते. कमी पाण्याच्या ब्रशाने घासलेली घाण धुऊन निघत नाही. चौकटीच्या वरच्या कडेतला मळ ओघळत काचेवर येतो आणि तिथेच वाळतो. जास्त पाण्याचा ब्रश टाकी लवकर रिकामी करतो. ४०० लिटरची टाकी दोन्ही पोलांना मिनिटाला दीड लिटर देत सव्वादोन तासांच्या आत संपते. त्यातले प्रत्येक जादा लिटर रेझिनमधून पैसे मोजून काढलेले असते. पण सर्वांत मोठा भार उंच पोल धरणाऱ्या माणसावर पडतो. पाणी कमी म्हणून तो तीच खिडकी दोनदा-तीनदा घासतो, आणि दहा-बारा मीटर लांबीचा पाण्याने भरलेला पोल खांद्याच्या वर पेलत घासतो. त्याच्या खांद्याला आणि मानेला होणारी ही इजा कोणत्याही बिलात दिसत नाही, म्हणून ती सहज दुर्लक्षिली जाते.

दोन कामगार एका व्हॅनवरून रोज काम करणार असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र पंप, स्वतंत्र कंट्रोलर आणि स्वतंत्र नळी देणे हीच टिकाऊ व्यवस्था होय. टाकी एक चालते. मात्र टाकीतून दोन्ही पंपांना जाणारे तोंड पुरेसे रुंद हवे आणि बॅटरीपासून दोघांना वेगळी, पुरेशा जाडीची वायर हवी. सामाईक बारीक वायरीत व्होल्टेज पडले की दुसरा पंप मंदावतो आणि असमतोल मागच्या दाराने परत येतो. वाय-जोड आणि व्हॉल्व्ह यांवर भागवणे अधूनमधून जोडीला येणाऱ्या माणसापुरते योग्य आहे, रोजच्या कामासाठी नाही.