बेगमी, टंचाई आणि आधिक्य : साथीच्या काळातील घरखरेदीचा ऐतिहासिक आढावा (१८९६ ते २०२०)

गोषवारा

साथीच्या रोगाचा इतिहास लिहिताना मृत्यूचे आकडे, वैद्यकीय उपाययोजना आणि शासकीय निर्बंध यांचा विचार प्रामुख्याने होतो. घरात लागणाऱ्या नित्याच्या वस्तू लोकांनी त्या काळात कशा मिळवल्या, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहतो. प्रस्तुत निबंधात १८९६-९७ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा आणि २०२० ची कोविड-१९ साथ या तीन प्रसंगांच्या आधारे महाराष्ट्रातील, विशेषतः मुंबईतील, घरखरेदीचा विचार केला आहे. साथीतील टंचाई आणि आधिक्य या परस्परविरोधी अवस्था नसून घर व बाजार यांतील साखळी तुटल्याचे ते दोन परिणाम आहेत आणि त्यांची झळ कोणाला किती बसेल हे घराच्या साठवणक्षमतेवर अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : बेगमी, साठवण, शिधावाटप, टंचाई, टाळेबंदी, हातावरचे पोट.

प्रस्तावना

टंचाई म्हणजे वस्तूंचा अभाव आणि आधिक्य म्हणजे वस्तूंची विपुलता, असा सर्वसाधारण समज आहे. साथीच्या काळातील अनुभव मात्र या समजाला छेद देणारा आहे. एप्रिल २०२० मध्ये मुंबई-पुण्यातील ग्राहक किराणा दुकानांसमोर चुन्याने आखलेल्या वर्तुळांत तासन्‌तास उभे होते. त्याच दिवसांत नाशिकचा द्राक्ष बागायतदार न विकलेल्या द्राक्षांचे बेदाणे करीत होता आणि दूध उत्पादकाला दुधासाठी ग्राहक मिळत नव्हता. वस्तू होती, तिची गरजही होती. मात्र दोहोंमधील मार्ग बंद होता. या स्थितीचे मूळ २०२० च्याही मागे शोधावे लागते. त्यासाठी घरात साठा करण्याच्या परंपरेकडे प्रथम वळणे आवश्यक आहे.

बेगमीची परंपरा

मराठी भाषेत भविष्यकाळासाठी करून ठेवलेल्या तरतुदीला ‘बेगमी’ असा नेमका शब्द आहे. फाल्गुन ते ज्येष्ठ हा बेगमीचा काळ. रब्बीचा गहू व ज्वारी निवडून, उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत किंवा कोठीत भरली जात असे. मिरची व हळद कुटून वर्षाचा मसाला करणे, चिंच फोडून मीठ लावून ठेवणे, पापड, कुरडया, शेवया आणि सांडगे घालणे ही कामे याच दिवसांत उरकली जात. ही सर्व कामे प्रामुख्याने स्त्रियांची होती. घरात किती माणसे आहेत, पाहुणे किती येतील, पाऊस लांबला तर काय, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात असे.

कोकणात पावसाळ्यापूर्वीच्या या खरेदीला ‘आगोट’ म्हणतात. सुके बोंबील, जवळा, कांदे, मीठ, कुळीथ, आमसुले आणि सरपण यांची आगोट भरल्याशिवाय घर पावसाळ्याला सामोरे जात नसे. गोव्यात याच प्रथेला ‘पुरुमेंत’ हे पोर्तुगीज भाषेतून आलेले नाव असून त्यासाठी पावसाळ्याआधी चर्चच्या फेस्तांनिमित्त बाजार भरतात.

बेगमी करण्याची ऐपत सर्वांना सारखी नव्हती, हे खरे. तथापि गावगाड्यात बलुतेदाराला आणि शेतमजुरालाही मोबदल्याचा मोठा भाग धान्यरूपाने मिळत असे. ही व्यवस्था जातिबद्ध आणि विषम होती. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु सुगीनंतर काही काळ तरी गरिबाच्या घरात धान्य असे. औद्योगिक मुंबईत आलेल्या कामगाराच्या बाबतीत हा आधार नाहीसा झाला. त्याला रोख वेतन मिळे, तेही महिना उलटून गेल्यावर. चाळीतील एका खोलीत अनेक जण राहत असल्याने साठा करण्यास जागा नव्हती. त्यामुळे वाण्याकडील उधारीचे खाते हीच त्याची कोठी ठरली. साथीने पहिला आघात केला तो याच खात्यावर.

प्लेग आणि उधारीचा बाजार (१८९६-९७)

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोगाचे निदान केले. मांडवी हा गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा भाग होता. मेलेले उंदीर याच वखारींत दिसू लागले. शहराला धान्य पुरवणारे ठिकाण आणि रोगाचे केंद्र एकच ठरल्यामुळे धान्यबाजाराला हादरा बसणे अपरिहार्य होते. भीतीने लोक शहर सोडू लागले. १८९७ च्या प्रारंभी शहराची जवळजवळ निम्मी लोकसंख्या बाहेर गेल्याचे अंदाज आहेत. त्यांत व्यापारी होते, वाणी होते आणि गिरणी कामगारही होते.

या काळात एक लक्षणीय बदल घडला. कामगारांची वानवा झाल्याने गिरणीमालकांना रोजच्या रोज मजुरी द्यावी लागली. नाक्यानाक्यावर कामगारांसाठी चढाओढ होऊन जादा दर दिले गेले. एरवी महिन्याचे वेतन थकवून देणाऱ्या व्यवस्थेत हा मोठा फरक होता. त्याचा घरखरेदीशी असलेला संबंध उघड आहे. उधारी देणारा वाणीच निघून गेला, तर हातात रोकड असल्याशिवाय चूल पेटत नाही. उद्या आपण शहरात असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने महिन्याच्या पगारावर विसंबून राहणे शक्य नव्हते.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. त्यान्वये घरांची झडती घेणे, सामान बाहेर काढणे आणि दूषित वाटणाऱ्या वस्तू जाळणे या गोष्टी करण्यात आल्या. पुण्यातील झडत्यांमुळे उसळलेला असंतोष आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला हल्ला सर्वज्ञात आहे. या असंतोषाचा विचार करताना धर्मभावना आणि स्त्रियांची अप्रतिष्ठा यांवर भर दिला जातो, तो रास्तच आहे. पण त्याचबरोबर हेही ध्यानात घेतले पाहिजे की, घरातील चीजवस्तू आणि अंथरुण-पांघरुण यांचा नाश म्हणजे कुटुंबाच्या तरतुदीचाच नाश होता. १८९६-९७ हे दुष्काळाचेही वर्ष असल्याने गमावलेल्या वस्तू पुन्हा मिळवणे अधिकच कठीण होते.

इन्फ्लुएन्झा आणि महागाई (१९१८-१९)

जून १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची पहिली लाट मुंबईत आली. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट कितीतरी अधिक प्राणघातक होती. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे मरण पावली. रोग येण्याआधीच बाजार विस्कळीत झाला होता. महायुद्धामुळे रेल्वेच्या वाघिणी लष्करी वाहतुकीत गुंतल्या होत्या. कापड, मीठ आणि रॉकेल यांचे भाव चढले होते. त्यातच १९१८ चा नैर्ऋत्य मोसमी पाऊस अपुरा पडला. चाऱ्याअभावी जनावरांचे हाल झाले आणि रुग्णाला सर्वाधिक गरज असलेले दूधच दुर्मिळ झाले. दुसरी लाट नेमकी खरिपाच्या काढणीच्या व रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर आल्याने शेतात राबणारे हातही आजारी होते.

या साथीतील मृत्यूंचे प्रमाण सर्व थरांत सारखे नव्हते. मुंबई शहरात तत्कालीन नोंदींनी ‘कनिष्ठ जातीचे हिंदू’ म्हणून वर्गीकृत केलेल्या लोकांत हजारी सुमारे ६१ मृत्यू झाले. युरोपीयांत हे प्रमाण हजारी सुमारे ८ होते. राहण्याची जागा, शुश्रूषा आणि पोषण या तिन्ही बाबतींतील विषमता या दोन आकड्यांत एकवटली आहे. घरातील सर्वच माणसे एकाच वेळी अंथरुणाला खिळल्यावर बाजारात जाणार कोण, हा प्रश्नही होता. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांच्या स्वयंसेवकांनी केलेल्या मदतकार्याचे मोल या दृष्टीने विशेष आहे.

सरकारने धान्याच्या वाहतुकीवर नियंत्रण आणले आणि स्वस्त धान्याची दुकाने उघडण्यास चालना दिली. तरीही महागाई आटोक्यात आली नाही. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या गिरण्यांतील एक लाखाहून अधिक कामगारांनी संप केला. त्यामागे वेतनवाढीची मागणी होती आणि तिचे मूळ महागाईत होते. साथ ओसरली तरी वाण्याचे देणे ओसरत नाही, हे या संपाने दाखवून दिले.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, मे १९४३ मध्ये, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. यामुळे घराचा धान्यावरील हक्क एका कार्डावर नोंदला जाऊ लागला. हक्काला कागदाचा आधार मिळाला. त्याचबरोबर ज्याच्याकडे कागद नाही तो हक्काबाहेर गेला. या व्यवस्थेची खरी परीक्षा २०२० मध्ये झाली.

कोविड-१९ : टंचाईची अवस्था

महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. मास्क व जंतुनाशक द्रव बाजारातून दिसेनासे झाल्यावर १३ मार्च रोजी केंद्र सरकारने त्यांचा समावेश अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली केला. २०० मिलिलिटर जंतुनाशकाची कमाल किंमत १०० रुपये, तर दुपदरी व तिपदरी मास्कची अनुक्रमे ८ व १० रुपये ठरवण्यात आली. साखर कारखान्यांच्या आसवन्यांना जंतुनाशक तयार करण्याची परवानगी मिळाली. उत्पादन इतक्या वेगाने वाढले की, ३० जूननंतर या वस्तू अत्यावश्यक यादीत ठेवण्याची गरज सरकारला वाटली नाही. मार्चमधील दुर्मिळ वस्तू जुलैत दुकानादुकानांत विपुल झाली. ज्या वस्तूची टंचाई उत्पादनाच्या अभावामुळे होती, ती उत्पादन वाढताच दूर झाली.

धान्य, भाजी आणि दूध यांची टंचाई या प्रकारची नव्हती. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली आणि चार तासांत ती अमलात आली. त्या रात्री ठिकठिकाणी दुकानांसमोर झुंबड उडाली. गोव्यात तर किराणा दुकानेही पहिले काही दिवस बंद राहिली. नवी मुंबईतील वाशीची घाऊक बाजारपेठ संसर्गामुळे ११ ते १७ मे या काळात बंद ठेवावी लागली. माल होता, परंतु हमाल, वाहनचालक आणि बाजार आवार यांची साखळी खंडित झाली होती. ही टाळेबंदी ऐन बेगमीच्या मोसमात आली, हेही नोंदवण्याजोगे आहे. ज्या घरांत वर्षाचे धान्य भरण्याची रीत टिकून होती त्यांना थोडा आधार मिळाला. आठवड्याच्या खरेदीची सवय लागलेल्या शहरी मध्यमवर्गाला मात्र साठवणीचे महत्त्व नव्याने उमगले.

कोविड-१९ : आधिक्याची अवस्था

उपाहारगृहे आणि मिठाईची दुकाने बंद झाल्याने दुधाची मागणी घटली. राज्य सरकारने दररोज १० लाख लिटर दूध २५ रुपये लिटर दराने घेऊन त्याची भुकटी करण्याची योजना जाहीर केली. तरीही दर कोसळले आणि जुलै-ऑगस्टमध्ये दूध उत्पादकांनी आंदोलन केले. १९१८ मध्ये रुग्णाला दूध मिळत नव्हते. २०२० मध्ये दुधाला ग्राहक मिळत नव्हता. कोकणातील आंबा बागायतदारांनी मात्र थेट मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण संस्थांपर्यंत पेट्या पोहोचवून तुटलेली साखळी आपल्या परीने जोडली.

आधिक्याचे सर्वांत बोलके उदाहरण सरकारी गोदामांतील धान्याचे आहे. मार्च २०२० मध्ये केंद्रीय साठ्यात सुमारे ५.८ कोटी टन गहू व तांदूळ होता. एप्रिलसाठी आवश्यक राखीव साठ्याचा निकष सुमारे २.१ कोटी टनांचा आहे. म्हणजे गरजेच्या अडीच पटींहून अधिक धान्य देशाच्या कोठारात होते. त्याच्या बळावर प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून शिधापत्रिकेवरील प्रत्येक लाभार्थ्याला दरमहा ५ किलो धान्य मोफत देण्यात आले. राज्य सरकारने केशरी शिधापत्रिकाधारकांना माणशी ३ किलो गहू ८ रुपये व २ किलो तांदूळ १२ रुपये दराने दिला. शिवभोजन थाळीची किंमत १० वरून ५ रुपयांवर आणली. या उपायांनी उपासमारीचे मोठे संकट टळले, हे मान्य केले पाहिजे.

साठा नसलेले घर

परंतु स्थलांतरित मजुराची शिधापत्रिका गावी आणि तो स्वतः शहरात होता. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. अशा दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा दिवसांचे सामान ठेवणार कोठे आणि रोजगार थांबल्यावर ते आणणार कशाने? गर्दी टाळून एकदाच भरपूर खरेदी करण्याचा सल्ला रोकड, जागा आणि शीतकपाट असलेल्या घराला उद्देशून होता. हातावर पोट असलेल्या माणसासाठी रोजची खरेदी ही सवय नसून सक्ती असते. शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांसाठी दोन महिने धान्य देण्याची केंद्राची घोषणा १४ मे रोजी झाली; तोवर असंख्य मजूर पायी गावाकडे निघाले होते. ८ मे रोजी जालन्याहून निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली मरण पावले. त्यांच्यासोबतच्या भाकऱ्या रुळांवर विखुरल्या होत्या. देशाची गोदामे भरलेली असताना त्यांची एवढीच शिदोरी होती.

निष्कर्ष

१. साथीतील टंचाईचे दोन प्रकार संभवतात. मास्कसारख्या वस्तूची टंचाई उत्पादनाची असते व ती लवकर दूर होते. अन्नधान्याची टंचाई २०२० मध्ये मुख्यतः पोहोचवण्याची होती. म्हणूनच तिच्यासोबत आधिक्यही दिसले. १९१८ मध्ये मात्र अवर्षणामुळे दोन्ही प्रकारच्या टंचाया एकत्र आल्या होत्या.

२. साठा करणे ही केवळ वृत्ती नसून ऐपत आहे. त्यासाठी पैसा, जागा आणि स्थिर वास्तव्य लागते. घाबरून केलेली खरेदी म्हणून मध्यमवर्गाला दोष देताना, ज्यांना घाबरूनही खरेदी करता आली नाही त्यांचा विसर पडू नये.

३. तिन्ही प्रसंगांत कष्टकऱ्याची कोठी त्याच्या घराबाहेर होती. १८९७ व १९१८ मध्ये ती वाण्याच्या खात्यात होती. २०२० मध्ये शिधापत्रिकेत. खाते बंद झाले किंवा कार्ड गावी राहिले की ती कोठी रिकामी होते.

४. जून २०२० मध्ये, साथ सुरू असतानाच, अध्यादेशाद्वारे अन्नधान्यावरील साठामर्यादेचे अधिकार आकुंचित करण्यात आले. कृषी कायदे २०२१ च्या अखेरीस रद्द झाल्याने तो बदलही संपुष्टात आला. व्यापाऱ्याने किती साठवावे यावर यानिमित्ताने बरीच चर्चा झाली. गरिबाच्या घरात किती साठा असावा, हा विषय त्या चर्चेत फारसा आला नाही. पुढील साथीची तयारी करताना याच प्रश्नापासून आरंभ करणे इष्ट ठरेल.