क्षमेचं टपाल

आमच्या शेजारी एका जैन शेठजींचं किराण्याचं दुकान होतं. भाद्रपदात तिथं पोस्टकार्डांचा गठ्ठा येई. लहानपणी मला वाटे, गणपतीच्या शुभेच्छा असतील. पण प्रत्येक कार्डावर तेच दोन शब्द : मिच्छामि दुक्कडम्. प्राकृतातले शब्द, माझं दुष्कृत्य मिथ्या होवो, निष्फळ ठरो.

श्वेतांबरांच्या पर्युषणाचा शेवटचा दिवस म्हणजे संवत्सरी. दिगंबरांकडे दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणी. प्रार्थनेतला क्रम मला फार आवडतो. आधी 'मी सर्व जीवांना क्षमा करतो' आणि मग 'सर्वांनी मला क्षमा करावी'.

यात हिशेबही आहे बरं का! जैन कर्मग्रंथांनी रागाचे चार प्रकार सांगितले : पंधरवड्यात विरणारा, चार महिने टिकणारा, वर्षभर राहणारा आणि जन्मभर न सुटणारा. प्रतिक्रमणही रोजच्याखेरीज पंधरवड्याचं, चार महिन्यांचं, वर्षाचं. संवत्सरी ओलांडून वैर पुढं नेलं, की ते चौथ्या खात्यात जमा!

माफी पत्रानं पाठवण्याची चालही जुनीच. पर्युषण आटोपलं की गावचा संघ दूरच्या आचार्यांना विज्ञप्तिपत्र धाडी. वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागायची आणि पुढच्या चातुर्मासाचं आमंत्रण द्यायचं. लांबलचक गुंडाळी, बहुधा चित्रांनी सजवलेली. १६१० साली आग्र्याच्या संघानं विजयसेनसूरींना पाठवलेलं पत्र चित्रकार शालिवाहनानं रंगवलं. त्यात जहांगीर बादशहाचा दरबार आहे आणि पर्युषणात पशुहत्या बंद ठेवण्याच्या फर्मानाचा प्रसंग आहे. पुढं याच बादशहानं जैन यतींना हाकलण्याचा हुकूम काढला आणि आपल्या आत्मवृत्तात नोंदवलाही. पत्र मात्र जपलं गेलं. आज ते अहमदाबादेत आहे.

दूरच्याला लिहिणं तसं सोपं. भिंतीपलीकडच्याचं काय?

आमचे वडील शाळामास्तर. पागोळीच्या पाण्यावरून त्यांचा आणि शेठजींचा दोन वर्षं अबोला होता. वडील हजला निघाले. हजयात्रेआधी घरोघर जाऊन 'कहासुना माफ' म्हणण्याची आमच्यातही रीत आहे. सगळी गल्ली झाली, ते एक दुकान राहिलं. निघायच्या आदल्या रात्री फळ्या लावायच्या वेळी वडील पायरीशी उभे राहिले. "शेठजी, कहासुना माफ करा."

शेठजींनी गल्ला उघडला. तळातून दोन कार्डं काढली, दोन्हींवर वडिलांचं नाव. "लिहून ठेवली होती मास्तर," ते म्हणाले, "पेटीत टाकवली नाहीत."