डोक्यावर कुंडी घेतलेला माणूस आणि एका औषधाचं चुकलेलं नाव

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. दिवसभर इतरांच्या कोडमधले बग शोधणारा माणूस आहे. पण मध्यंतरी टीममधल्या एका मित्राला बायपोलर असल्याचं निदान झालं. चार रात्री न झोपता 'स्टार्टअप'चे प्लॅन लिहीत होता, शेवटी घरच्यांनी दवाखान्यात नेलं. प्रिस्क्रिप्शनवर ओलान्झापिन होतं. त्याने घरी येऊन गूगल केलं आणि पहिल्याच ओळीत वाचलं, 'अँटिसायकोटिक, स्किझोफ्रेनियासाठी'. झालं! "म्हणजे डॉक्टर माझ्यापासून काहीतरी लपवतायत" म्हणून गोळी बंद. पुढचे दोन महिने काय झालं ते इथे लिहीत नाही. हे नाव आलं कुठून हे शोधताना मात्र जे सापडलं ते भन्नाट आहे.

तर गोष्ट सुरू होते पॅरिसमध्ये. आँरी लाबोरी नावाचा फ्रेंच नौदलाचा सर्जन. त्याला मनोविकारांशी काही देणंघेणं नव्हतं, त्याचा प्रश्न वेगळाच होता. ऑपरेशनच्या वेळी पेशंट शॉकमध्ये जाऊ नये म्हणून त्याचं शरीर थंड आणि शांत कसं ठेवायचं? रोन-पुलँक या कंपनीत पॉल शार्पँतिए यांनी डिसेंबर १९५० मध्ये एक रसायन बनवलं होतं, क्लोरप्रोमाझिन. ते दिल्यावर पेशंट बेशुद्ध होत नव्हता, पण आजूबाजूला काय चाललंय याचं त्याला फारसं काही वाटेनासं होई. लाबोरीने हे बरोबर हेरलं आणि वॉल-द-ग्रास लष्करी हॉस्पिटलमधल्या मनोविकारतज्ज्ञांच्या मागे लागला, की एकदा वापरून तर बघा.

१९ जानेवारी १९५२. पेशंट २४ वर्षांचा, नोंदीत नाव फक्त 'जाक एल.एच.'. आजार? स्किझोफ्रेनिया नव्हे, मॅनिया! ५० मिलिग्रॅम शिरेतून दिल्यावर तो काही तास शांत झाला. मग पुन्हा उसळला, पुन्हा डोस. असं करत सुमारे तीन आठवड्यांत तो घरी जाण्याइतका सावरला. सोबत बार्बिच्युरेट आणि विजेचे झटकेही दिले होते, त्यामुळे श्रेय नक्की कोणाचं हा प्रश्न उरलाच. (टेस्टिंगवाला कुणीही सांगेल, एका वेळी एकच व्हेरिएबल बदलावं!)

ते काम केलं जाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी, पॅरिसच्याच सेंट-आन हॉस्पिटलमध्ये. त्यांनी हे औषध एकटंच वापरलं. त्यांच्या सुरुवातीच्या पेशंटपैकी एक होता ५७ वर्षांचा मजूर, जिओव्हानी. कॅफेंमध्ये राजकीय भाषणं ठोकणं, अनोळखी लोकांशी मारामाऱ्या, आणि डोक्यावर फुलांची कुंडी घेऊन रस्त्यावर स्वातंत्र्यप्रेमाचा प्रचार! हे आज हसू आणतं, पण ज्याच्या घरात असा माणूस असतो त्याला हसू येत नाही. नऊ दिवसांत तो नीट संभाषण करू लागला, तीन आठवड्यांत डिस्चार्जच्या तयारीत.

म्हणजे सुरुवात झाली ती मॅनियापासून. मग नाव स्किझोफ्रेनियाला कसं चिकटलं?

दले-दनिकेर यांनी १९५५ मध्ये या औषधांना 'न्यूरोलेप्टिक' म्हटलं, अमेरिकेत 'मेजर ट्रँक्विलायझर' असा शब्द चालला, 'अँटिसायकोटिक' नंतर रुळलं. शिवाय न्यूयॉर्कचे डॉक्टर त्या काळी स्किझोफ्रेनियाचं निदान फारच सढळ हाताने करत. न्यूयॉर्क आणि लंडनच्या पेशंटची एकाच पद्धतीने तपासणी करणारा एक मोठा अभ्यास १९७२ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात दिसलं की पेशंट फारसे वेगळे नव्हते, डॉक्टरांच्या सवयी वेगळ्या होत्या. लंडनला ज्याला मॅनिया म्हणत, त्यातल्या बऱ्याच जणांवर न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसे. त्यात मॅनियाचं खास औषध म्हणजे लिथियम. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी त्याचा परिणाम १९४९ मध्येच मांडला होता, पण अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली थेट १९७० मध्ये. ते आल्यावर 'मॅनिया म्हणजे लिथियम, स्किझोफ्रेनिया म्हणजे अँटिसायकोटिक' अशी सोयीची वाटणी झाली. माझ्या मते घोळ इथेच झाला. फंक्शनचं नाव ते काय करतं यावरून ठेवायचं असतं, त्याला कॉल कोण करतं यावरून नाही.

आणि ते करतं काय? मेंदूतल्या डोपामिनचे रिसेप्टर अडवतं. तो धागा स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांच्या १९६३ च्या कामातून हाती लागला. लिथियमचा असर दिसायला आठवडाभर किंवा जास्तही लागू शकतो. चार रात्री न झोपलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. म्हणून तीव्र मॅनियात ही औषधं आधी येतात, बऱ्याचदा लिथियमच्या जोडीला.

आपल्याकडचाही एक दुवा आहे. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच सर्पगंधेच्या मुळीबद्दल लिहिलं होतं, वेड आणि रक्तदाब दोन्हींसाठी. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांचा १९४९ चा ब्रिटिश हार्ट जर्नलमधला लेख रक्तदाबावरचा, पण जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं ते त्याने. तिच्यातलं रेझर्पिन पन्नाशीच्या दशकात क्लोरप्रोमाझिनच्या बरोबरीने वापरलं गेलं, मग मागे पडलं. असो, तो वेगळ्या वीकेंडचा विषय.

हे सगळं फुकट मिळालेलं नाही. जुन्या औषधांनी हात थरथरणं, अंग ताठरणं, वर्षानुवर्षं घेतल्यावर तोंडाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली. ओलान्झापिनला अमेरिकेत तीव्र मॅनियासाठी २००० मध्ये मंजुरी मिळाली. त्यात थरथर कमी, पण वजन आणि साखर वाढते. माझ्या मित्राची हीच तक्रार आहे आणि ती अगदी खरी आहे. २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये ६८ चाचण्या आणि १६,०७३ पेशंटचा एकत्रित हिशेब छापून आला. तीव्र मॅनियावर परिणामकारकतेत सगळ्यात वर कोण? बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९५८ साली बनलेलं, जुनं, स्वस्त हॅलोपेरिडॉल. पण औषध न सोडता घेत राहणारे किती, हे मोजलं तेव्हा ओलान्झापिन, रिस्पेरिडोन आणि क्वेटियापिन पुढे होती. मित्राने तो लेख छापून डॉक्टरांकडे नेला. आता डोस कमी केलाय, आणि दर तीन महिन्यांनी साखर तपासतो.