फुप्फुस ढकलते की नुसती वाट देते?

नील्स बोर हे नाव अणूच्या रचनेमुळे आपल्या परिचयाचे आहे. त्याचे वडील ख्रिस्तियान बोर मात्र फारसे कुणाला ठाऊक नसतात. ते कोपनहेगनला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. श्वासोच्छ्वासावरूनच त्यांचा आणि त्यांच्या शिष्याचा जो मतभेद झाला, त्याची ही हकिकत.

प्रश्न वरवर साधा होता. आपण घेतलेली हवा फुप्फुसातल्या कोट्यवधी वायुकोशांत पोचते. त्यांच्या भिंतीला लागूनच केशवाहिन्यांचे जाळे असते. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. तो ओलांडून प्राणवायू रक्तात जातो कसा? आपणहून, की फुप्फुसाच्या पेशी त्याला ढकलतात?

बोर म्हणत, पेशी ढकलतात. ग्रंथीतून लाळ सुटते तसेच हे काम. यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिच्यात प्राणवायू दाबाच्या विरुद्ध खरोखरच भरला जातो. शिवाय बोर यांच्या मोजमापात कधी कधी धमनीतल्या रक्तात प्राणवायूचा दाब फुप्फुसातल्या हवेपेक्षा जास्त भरे. पाणी चढावर गेलेले दिसले, तर कुणीतरी ते उपसले असणारच!

ऑगस्ट क्रोग १८९७ पासून बोर यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागला आणि पुढे त्यांचा सहायक झाला. कर्बवायू वाढला की रक्त प्राणवायू लवकर सोडते, हा महत्त्वाचा शोध १९०४ साली बोर, हॅसेलबाल्क आणि क्रोग यांनी मिळून लावला. आजही तो 'बोर परिणाम' म्हणूनच शिकवतात.

पुढे क्रोगने दाब मोजायचे नवे उपकरण केले. रक्ताच्या धारेत हवेचा एक इवलासा बुडबुडा धरायचा. तो लहान, म्हणून रक्ताशी त्याचा समतोल झटकन होतो. मग तो बारीक नळीत ओढून त्यात कोणता वायू किती ते मोजायचे. या कामात त्याची पत्नी मारी बरोबर होती. ती स्वतः डॉक्टर. दोघांनी पुन्हापुन्हा मोजले. धमनीतल्या रक्तातला प्राणवायूचा दाब फुप्फुसातल्या हवेपेक्षा कधीच जास्त भरला नाही.

म्हणजे उपसणारा कुणी नव्हताच. वायुकोशात प्राणवायूचा दाब साधारण १०० मिलिमीटर, हृदयाकडून फुप्फुसात येणाऱ्या रक्तात ४०. उतार आहे, म्हणून तो रक्तात जातो. कर्बवायूचा दाब त्या रक्तात ४६ आणि वायुकोशात ४०. तो उलट दिशेने बाहेर पडतो. विश्रांतीच्या वेळी रक्त त्या केशवाहिनीत जेमतेम पाऊण सेकंद असते, आणि तेवढा वेळ पुरतो. छाती हवा आत-बाहेर करते, हृदय रक्त फिरवते. मधला पडदा फक्त वाट देतो.

हे सगळे १९१० साली सात निबंधांतून प्रसिद्ध झाले. त्यांना पुढे 'सात छोटे सैतान' असे नाव पडले. क्रोगने त्यात गुरूंचे ऋण स्पष्ट मान्य केले आणि मग त्यांचेच मत खोडले. पुढच्याच वर्षी बोर वारले.

वाद मात्र तेवढ्यावर मिटला नाही. इंग्लंडचे हॉल्डेन १९११ साली अमेरिकेत पाइक्स पीक या डोंगरावर जाऊन प्रयोग करून आले, आणि विरळ हवेत तरी पेशी प्राणवायू ढकलतात, हे मत त्यांनी १९३६ साली मृत्यू येईपर्यंत सोडले नाही. मारी क्रोगने विषारी कार्बन मोनॉक्साइड अगदी थोड्या प्रमाणात वापरून फुप्फुसातून वायू किती वेगाने पार होतो ते मोजण्याची रीत बसवली. तिच्यातूनच निघालेली तपासणी आज दमेकऱ्यांपासून फुप्फुस कडक झालेल्या रुग्णांपर्यंत अनेकांची करतात.

शिष्याकडून हरण्यात गुरूला आनंद असावा, असे आपण शिक्षक मंडळी भाषणात सांगतो. प्रत्यक्षात ते दोघांनाही सोपे नसते. क्रोग गप्प बसला असता तर गुरूचा मान राहिला असता, पण ज्या काटेकोर मोजमापाचे धडे त्याने त्यांच्याच प्रयोगशाळेत गिरवले, त्यांचा राहिला नसता. त्याने दुसरा मान राखला. मला तरी तीच खरी गुरुदक्षिणा वाटते.