ठगांची रामसी : कोश आणि सत्ता
‘रामसी’ ही ठगांची सांकेतिक बोली आपल्याला प्रामुख्याने विल्यम स्लीमन यांच्या, कलकत्त्यात १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या शब्दसंग्रहातून ज्ञात आहे. वाटसरूला भुलवणारा तो ‘सोथा’, प्रेते पुरण्यासाठी खड्डा खणणारा तो ‘लुघा’, गळा आवळण्याची खूण ती ‘झिरणी’. हे अर्थ मात्र माफीच्या साक्षीदारांनी अधिकाऱ्यांपुढे उलगडलेले आहेत. त्याच वर्षीच्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेस पुरेसा गुन्हा ठरला. समान परिभाषेवरून देशव्यापी संघटनेचे अनुमान काढणे त्यामुळे शासनाच्या सोयीचे होते. म्हणूनच रामसीचा अभ्यास करताना शब्दार्थाबरोबर उच्चारप्रसंगही ध्यानात घ्यावा लागतो : सांगणारा बंदिवान आहे आणि टिपून घेणारा शासक.